माऊस गेमपॅड का दिसतो: बिटमॅप, बाइट-क्रम आणि लिनक्सच्या इनपुट ड्रायव्हरमधील एक प्रकरण

आधी आठ बाइट समोर ठेवतो:

०० ०० ०० ०० ०० ०७ ०० ००

साधा तीन बटणांचा यूएसबी माऊस जोडलेला आहे, प्रोसेसर पॉवरपीसी आहे आणि लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ६४-बिट, बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवणारे) आहे. अशा वेळी माऊसच्या बटणांची नोंद ठेवणाऱ्या बिटमॅपमधील (एकेका बिटात एकेक नोंद असलेल्या रांगेतील) एक वर्ड, म्हणजे एकत्र हाताळला जाणारा बाइटांचा गट, मेमरीत असा दिसतो. (सर्व बाइट षोडशमान पद्धतीत लिहिले आहेत.) कर्नल हे आठ बाइट एकत्र वाचते आणि त्यातून अचूक अर्थ काढते की या उपकरणाला डावे, उजवे आणि मधले अशी माऊसची तीन बटणे आहेत. याच संगणकावर चालणारा एखादा ३२-बिट प्रोग्राम हेच बाइट चार-चार करून वाचतो आणि त्याला गेमपॅडची ए, बी आणि सी ही बटणे दिसतात. दोघेही आपापल्या नियमाने अगदी बरोबर वाचत असतात, एकही बाइट खराब झालेला नसतो आणि तरीही उत्तर चुकते. हे का होते, लिनक्सच्या इव्हडेव्ह ड्रायव्हरने (उपकरण आणि प्रोग्राम यांना जोडणाऱ्या कर्नलच्या भागाने) ते कसे सोडवले आणि ती सोडवणूक कुठे अपुरी पडते, हे या प्रकरणात क्रमाने पाहायचे आहे.

परिस्थिती

अ‍ॅपलने जून २००३ मध्ये जाहीर केलेल्या पॉवर मॅक जी-५ या संगणकात पॉवरपीसी ९७० हा ६४-बिट प्रोसेसर होता. त्यावर लिनक्स चालवणाऱ्यांकडे बहुधा एक मिश्र व्यवस्था असे, ती म्हणजे कर्नल ६४-बिट आणि त्यावर चालणारे जवळपास सर्व प्रोग्राम ३२-बिट. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॉवरपीसी आवृत्तीत हीच रचना होती. त्यामागे कारणही सबळ होते. एक्स८६ कुळात (नेहमीच्या पीसींतल्या प्रोसेसरांत) ६४-बिटकडे जाताना प्रोसेसरला जादा रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा) मिळाली, त्यामुळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करण्यात फायदा होता. पॉवरपीसीमध्ये रजिस्टर आधीपासूनच मुबलक होती, म्हणून ६४-बिट प्रोग्रामने मुख्यतः पॉइंटरची (मेमरीतले पत्ते ठेवणाऱ्या चलांची) जागा दुप्पट होत असे आणि बाकी फारसे काही पदरात पडत नसे. मोठ्या मेमरीसाठी कर्नल तेवढे ६४-बिट ठेवायचे आणि प्रोग्राम ३२-बिटच राहू द्यायचे, हा त्यामुळे शहाणपणाचा निर्णय होता.

या व्यवस्थेत कर्नल आणि प्रोग्राम एकच प्रोसेसर वापरतात, दोघेही बिग-एंडियन असतात, म्हणजे संख्येचा सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट सर्वांत आधीच्या पत्त्यावर ठेवतात. बाइट-क्रमाबाबत त्यांच्यात मतभेद असण्याचे वरकरणी काहीच कारण दिसत नाही. ड्रायव्हर लिहिणारा जेव्हा बाइट-क्रमाची काळजी करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नेटवर्कवरून येणारा डेटा असतो किंवा पीसीआय कार्ड (संगणकाच्या खाचेत बसवायचे उपकरण) असते. स्वतःच्याच मशीनवरचा, स्वतःच्याच क्रमाने वाचणारा प्रोग्राम त्याच्या मनात येत नाही. या प्रकरणातील अडचण नेमकी तिथेच होती.

इव्हडेव्ह हा ड्रायव्हर कळफलक, माऊस, टचस्क्रीन, गेमपॅड अशा सर्व इनपुट उपकरणांना प्रोग्रामपुढे एकाच स्वरूपात मांडतो. एखादे उपकरण काय काय करू शकते, हे विचारण्यासाठी ईव्हीआयओसीजीबिट नावाचा आयओसीटीएल, म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला करायची ठरलेली विचारणा, आहे. त्यात प्रकार शून्य दिला, तर उपकरण कोणकोणत्या प्रकारच्या घटना पाठवते त्याचा बिटमॅप मिळतो, ‘की’ हा प्रकार दिला, तर कोणत्या कळा व बटणे आहेत त्याचा, आणि ‘रिलेटिव्ह’ दिला, तर कोणत्या दिशांची हालचाल सांगता येते त्याचा. प्रत्येक कळेला ठरलेला क्रमांक आहे आणि त्या क्रमांकाचा बिट १ असेल, तर ती कळ उपकरणावर आहे, एवढा साधा हा करार आहे.

बिटमॅप म्हणजे नक्की काय

लिनक्स कर्नलमधील बिटमॅप ही अनसाइन्ड लाँग (सी भाषेतील चिन्हविरहित पूर्णांक; पुढे नुसते ‘लाँग’) या प्रकारच्या वर्डची रांग असते. ‘न’ या क्रमांकाचा बिट शोधायचा, तर ‘न’ ला वर्डमधील बिटांच्या संख्येने भागायचे. भागाकार म्हणजे कितवा वर्ड आणि बाकी म्हणजे त्या वर्डमधील कितवा बिट, जिथे शून्यावा बिट म्हणजे एककाचा, सर्वांत कमी किमतीचा. वर्डची रुंदी ३२-बिट कर्नलमध्ये ३२ असते आणि ६४-बिट कर्नलमध्ये ६४. या व्याख्येत बाइट हा शब्द कुठेच येत नाही, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. बिटमॅपमध्ये वर्ड चढत्या क्रमाने मांडलेले असतात, म्हणजे कमी क्रमांकाचे बिट आधीच्या वर्डमध्ये असतात. मात्र वर्डच्या आत बाइट कसे मांडले जातील, हे प्रोसेसर ठरवतो.

लिटल-एंडियन प्रोसेसरवर वर्डच्या आतही कमी किमतीचा बाइट आधी येतो. त्यामुळे बाहेरचा क्रम आणि आतला क्रम एकाच दिशेने जातात आणि संपूर्ण बिटमॅप शून्यापासून शेवटपर्यंत बाइटांच्या एका सलग ओळीसारखा दिसतो. तो आठ-आठ बाइट करून वाचा, चार-चार करून वाचा किंवा एकेक वाचा, न क्रमांकाचा बिट जागचा हलत नाही. बिग-एंडियन प्रोसेसरवर वर्ड चढत्या क्रमाने आणि वर्डमधले बाइट उतरत्या क्रमाने, अशी उलटसुलट मांडणी होते.

मराठी माणसाला ही मांडणी रोजच्या बोलण्यातून ठाऊक आहे. ‘एकशे पंचवीस’ म्हणताना आपण शतक आधी सांगतो, पण उरलेल्या दोन अंकांत पाच आधी येतात आणि वीस नंतर. मोठ्या गटांचा क्रम एका दिशेने जातो आणि गटाच्या आतला क्रम उलट्या दिशेने. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ या धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा त्यावर महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली होती; त्या बदलामागचा प्रश्न हाच होता, की बोललेल्या आणि लिहिलेल्या क्रमाची दिशा एक असावी की नसावी. मात्र ‘पंचवीस’ कानावर पडले की २५ लिहायचे, हे आपल्याला जमते ते दोन अंकांचा गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पक्के माहीत असते म्हणून. गटाची रुंदीच चुकीची धरली, तर क्रम माहीत असूनही संख्या चुकेल. ३२-बिट प्रोग्रामचे नेमके तेच होते. त्याला क्रम ठाऊक असतो, चुकते ती रुंदी.

हिशेब

आता माऊसचा हिशेब हाताने करून पाहू. माऊसच्या डाव्या बटणाचा क्रमांक षोडशमानात ११०, म्हणजे दशमानात २७२ आहे. उजव्याचा २७३ आणि मधल्याचा २७४. कर्नलमध्ये २७२ ला ६४ ने भागले की भागाकार ४ आणि बाकी १६ येते, म्हणून शून्यापासून मोजता चौथ्या वर्डमधील बिट १६, १७ आणि १८ हे तिन्ही १ असतात आणि त्या वर्डची किंमत षोडशमानात ७०००० होते. हा वर्ड बिटमॅपच्या ३२ व्या बाइटपासून ३९ व्या बाइटपर्यंत बसतो आणि बिग-एंडियन मांडणीत तो लेखाच्या सुरुवातीला दिलेल्या आठ बाइटांसारखा दिसतो.

समजा, ड्रायव्हरने काहीही विचार न करता हे बाइट जसेच्या तसे ३२-बिट प्रोग्रामला दिले. त्याच्या दृष्टीने ३२ ते ३५ हे बाइट म्हणजे आठवा वर्ड, आणि तो शून्य आहे. ३६ ते ३९ हे बाइट म्हणजे नववा वर्ड, आणि त्यात बिट १६, १७ व १८ लागलेले आहेत. नऊ गुणिले बत्तीस अधिक सोळा म्हणजे ३०४, षोडशमानात १३०. लिनक्सच्या यादीत १३० हा क्रमांक गेमपॅडच्या ए बटणाचा आहे, १३१ बी चा आणि १३२ सी चा. गेमपॅडच्या बटणांचा गट सुरू होतो तोच मुळी १३० पासून, त्यामुळे ‘या गटातले पहिले बटण आहे का’ एवढे पाहून उपकरणाची जात ठरवणारा प्रोग्राम या माऊसला निःशंकपणे गेमपॅड म्हणेल.

हालचालीच्या बिटमॅपची गत याहून वाईट होते. चाक असलेल्या माऊसला आडवी हालचाल (क्रमांक ०), उभी हालचाल (१) आणि चाक (८) सांगता येतात, म्हणजे वर्डची किंमत षोडशमानात १०३. मेमरीत तो ०० ०० ०० ०० ०० ०० ०१ ०३ असा असतो. हा बिटमॅप एका ३२-बिट वर्डात मावतो, म्हणून प्रोग्राम चारच बाइट मागतो, आणि त्याला पहिले चार बाइट, म्हणजे निव्वळ शून्य मिळते. उपकरणाच्या घटना-प्रकारांचा बिटमॅप माऊससाठी षोडशमानात १७ असतो. त्याचेही पहिले चार बाइट शून्यच येतात. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्राम आधी घटना-प्रकार तपासेल आणि हे उपकरण काहीच करत नाही असे समजून त्याला सोडून देईल, आणि घाईने लिहिलेला प्रोग्राम थेट बटणे विचारून त्याला गेमपॅड ठरवेल. एकाच दोषाची दोन वेगळी लक्षणे दोन प्रोग्रामांत दिसतील. दोष शोधणाऱ्याला या दोन्हींचे मूळ एकच आहे हे चटकन सुचणार नाही.

कळफलकातही हेच घडते. एंटरचा क्रमांक २८, तो ६० म्हणून दिसेल, आणि ६० हा एफ-२ आहे. ए या अक्षराचा क्रमांक ३०, तो ६२ होईल, म्हणजे एफ-४. या सर्व उदाहरणांत एकच नियम आहे: न च्या जागी न एक्सऑर ३२ दिसतो, म्हणजे न मधला ३२ च्या किमतीचा बिट उलटतो (एक्सऑर ही दुसऱ्या संख्येत १ असलेले बिट पहिल्या संख्येत उलटवणारी क्रिया). २८ आणि ६०, ३० आणि ६२, २७२ आणि ३०४ या जोड्या तपासून पाहाव्यात. ६४-बिट वर्डचे दोन ३२-बिट अर्धे एकमेकांच्या जागी गेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दोष शोधताना असा एक्सऑरचा नमुना हाती लागणे फार मोलाचे असते, कारण चुकीचे बिट विखुरलेले दिसले तरी खऱ्या आणि दिसणाऱ्या क्रमांकांतला फरक एकाच संख्येचा निघाला, की मेमरी बिघडल्याचा संशय सोडून देऊन रुंदी आणि क्रम यांकडे वळता येते.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. एंटर दाबल्यावर एफ-२ ची घटना येते, असे मात्र होत नाही. प्रत्यक्ष घटनेत कळेचा क्रमांक एका पूर्णांकात जातो आणि तो बरोबरच पोहोचतो. (घटनेच्या रचनेत वेळेची नोंद असल्यामुळे तिचा आकार ३२-बिट व ६४-बिटमध्ये वेगळा असतो आणि त्यासाठी इनपुट प्रणालीत निराळी तरतूद आहे, तो विषय इथे नको.) चुकते ते उपकरणाचे वर्णन. उपकरण सांगते की माझ्याकडे एंटर नाही, आणि थोड्या वेळाने एंटर पाठवते.

याच माहितीचा दुसरा मार्ग

हीच माहिती सिसएफएसच्या (उपकरणांची माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) फायलींतून मजकूर म्हणूनही मिळते. ६४-बिट प्रोग्रामने माऊसच्या कळांची फाइल वाचली, तर त्याला ‘७०००० ० ० ० ०’ असे पाच आकडे दिसतात, सर्वांत मोठा वर्ड आधी. ३२-बिट प्रोग्रामने तीच फाइल वाचली, तर कर्नल त्याला ओळखते आणि ‘७०००० ० ० ० ० ० ० ० ०’ असे नऊ आकडे देते, कारण त्याच्या हिशेबाने बटणे आठव्या वर्डात आहेत.

हे करणारा कोड वाचण्यासारखा आहे. तो वर्डला ३२ ने उजवीकडे सरकवून वरचा अर्धा काढतो, मग मास्क लावून (नको असलेले बिट शून्य करून) खालचा अर्धा काढतो आणि दोन्ही छापतो. त्यात बिग-एंडियनसाठी वेगळी फांदी नाही, आणि तिची गरजही नाही, कारण सरकवणे आणि मास्क लावणे या क्रिया संख्येच्या किमतीवर होतात, मेमरीतल्या मांडणीवर होत नाहीत. बाइट-क्रमाचा प्रश्न उद्भवतो तो एका रुंदीने लिहिलेली मेमरी दुसऱ्या रुंदीच्या पॉइंटरने वाचली जाते तेव्हा. म्हणून ड्रायव्हरमध्ये बिटमॅपच्या पत्त्यावर पॉइंटरचा प्रकार बदललेला दिसला, की मी तिथे थांबतो आणि लिहिणाऱ्याने चारही प्रकारची मशीन मनात धरली होती का, हे तपासतो: लिटल आणि बिग, आणि त्या प्रत्येकात ३२ आणि ६४.

दुरुस्ती

इव्हडेव्हमध्ये बिटमॅप प्रोग्रामला देण्याचे काम बिट्स-टू-यूजर नावाचे एक छोटे फंक्शन करते. कर्नलमध्ये ३२-बिट प्रोग्राम चालवण्याची सोय नसेल, तर ते नुसती नक्कल करते. सोय असेल आणि प्रोसेसर लिटल-एंडियन असेल, तरी नक्कलच करते, फक्त लांबी मोजताना प्रोग्रामच्या लाँगची रुंदी धरते. प्रोसेसर बिग-एंडियन असेल आणि विचारणारा प्रोग्राम ३२-बिट असेल, तेव्हाच ते चार-चार बाइटांचे तुकडे एकेक करून पाठवते, आणि प्रोग्रामच्या क्ष व्या तुकड्यासाठी कर्नलच्या बिटमॅपमधील जो तुकडा उचलते त्याचा क्रमांक असा काढते:

क्ष + १ − ((क्ष % २) << १)

क्ष सम असेल, तर हे क्ष + १ होते. विषम असेल, तर क्ष − १. म्हणजे ० च्या जागी १, १ च्या जागी ०, २ च्या जागी ३. क्ष एक्सऑर १ असे लिहिले असते, तरी उत्तर तेच आले असते, आणि माझ्या मते वाचणाऱ्याला हेतू अधिक लवकर कळला असता. तुकड्यांच्या पातळीवरचा एक्सऑर १ म्हणजे बिटांच्या पातळीवरचा एक्सऑर ३२, त्यामुळे वर पाहिलेला दोष नेमका उलटवला जातो. माऊसच्या उदाहरणात आठव्या तुकड्यासाठी कर्नलचा नववा तुकडा उचलला जातो, ०० ०७ ०० ०० हे बाइट प्रोग्रामच्या आठव्या वर्डात जातात आणि बटणांचे क्रमांक पुन्हा २७२, २७३ आणि २७४ होतात.

हाच कोड आज नव्याने लिहिला, तर कर्नलच्या बिटमॅप लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. बिटमॅप-टू-एआरआर३२ हे फंक्शन २०१८ च्या कर्नल ४.१६ पासून आहे आणि ते कोणत्याही बिटमॅपची ३२-बिट वर्डची रांग करून देते. ६४-बिट कर्नलमध्ये ते पॉइंटरचा प्रकार बदलून तुकड्यांची अदलाबदल करत नाही. खालचा अर्धा मास्कने आणि वरचा अर्धा सरकवून काढते, सिसएफएसच्या कोडप्रमाणेच. शिवाय शेवटच्या वर्डातील मर्यादेबाहेरचे बिट ते शून्य करते. ड्रायव्हरमध्ये स्वतःची अदलाबदल लिहिण्यापेक्षा हे फंक्शन वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण प्रत्येक ड्रायव्हरने आपले सूत्र लिहिले, की त्यांतले एखादे कधी बिग-एंडियन मशीनवर तपासलेलेच नसते.

बाइटांची रांग समजण्याची चूक

कर्नलने आपली बाजू बरोबर केली, तरी प्रोग्रामच्या बाजूने एक चूक उरते आणि ती आजही नव्या कोडमध्ये दिसते. पुष्कळ प्रोग्राम या बिटमॅपसाठी लाँगची रांग घेण्याऐवजी बाइटांची रांग घेतात आणि न ला ८ ने भागून बिट तपासतात. लिटल-एंडियन मशीनवर हे बिनबोभाट चालते. ३२-बिट बिग-एंडियन मशीनवर न च्या जागी न एक्सऑर २४ तपासला जातो आणि ६४-बिट बिग-एंडियनवर न एक्सऑर ५६.

कळफलकाच्या घटना-प्रकारांचा बिटमॅप बहुधा षोडशमानात १२००१३ असतो; बिट ०, १, ४, १७ आणि २० लागलेले. ३२-बिट बिग-एंडियन मेमरीत तो ०० १२ ०० १३ असा दिसतो. बाइटवार वाचणाऱ्याला त्यातून ९, १२, २४, २५ आणि २८ हे बिट लागलेले दिसतात, आणि ‘कळा आहेत का’ हे सांगणारा बिट १ त्याला शून्य मिळतो. कळफलकाला कळाच नाहीत, असे त्याचे उत्तर येते. इथे दोष संपूर्णपणे प्रोग्रामचा आहे, कारण करार लाँगचा आहे. इव्हटेस्ट हे सर्वांच्या वापरातले साधन लाँगचीच रांग घेते, आणि शिकणाऱ्याने नमुना म्हणून तेच समोर ठेवावे.

लांबीबाबतही असाच घोळ होत आला आहे. काही प्रोग्राम या आयओसीटीएलमध्ये लांबी बाइटांत देण्याऐवजी कमाल कळेचा क्रमांकच देत असत. कळांची मर्यादा ५११ वरून ७६७ वर गेली, तेव्हा त्यांच्यासाठी इव्हडेव्हमध्ये खास तपासणी ठेवावी लागली: ‘की’ प्रकारासाठी कोणी बरोबर ५११ लांबी मागितली, तर तो जुना, चुकीचा प्रोग्राम आहे असे धरून त्याला जुन्या मर्यादेपुरतेच बिट द्यायचे आणि लॉगमध्ये इशारा लिहायचा. बिट आणि बाइट यांतला फरक लोकांच्या हातून किती सहज सुटतो, याचा हा कर्नलमध्येच कोरलेला दाखला आहे.

हाच प्रश्न, वेगळे उत्तर

२००९ मध्ये केव्हीएम (लिनक्स कर्नलमधील आभासी मशीन चालवण्याची सोय) ६४-बिट पॉवरपीसीवर आणले जात असताना अगदी हाच प्रश्न पुढे आला. आभासी मशीनच्या मेमरीतली कोणती पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) बदलली, याचा बिटमॅप कर्नल यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला, देते, आणि तिथेही कर्नल ६४-बिट व प्रोग्राम ३२-बिट असू शकत होते. केव्हीएमने अदलाबदलीचा मार्ग घेतला नाही. हा बिटमॅप सर्व मशीनवर लिटल-एंडियनच राहील, असे त्यांनी ठरवले आणि कर्नलमध्ये बिट लावताना सेट-बिट-एलई वापरले. हे फंक्शन बिग-एंडियन मशीनवर क्रमांकाला आधीच ५६ ने (३२-बिटवर २४ ने) एक्सऑर करते, म्हणून मेमरीत बिटमॅप बाइटांच्या सलग ओळीसारखा उतरतो आणि वाचणाऱ्याची रुंदी कितीही असली तरी उत्तर बदलत नाही.

हे उत्तर मला अधिक चांगले वाटते. पण केव्हीएमला ते घेता आले याचे कारण असे की तोपर्यंत हा बिटमॅप फक्त लिटल-एंडियन मशीनवर वापरात होता. पॉवरपीसी हे पहिलेच बिग-एंडियन मशीन होते, त्यामुळे व्याख्या पक्की करताना कोणाचाही चालू प्रोग्राम मोडला नाही. इव्हडेव्हला ही संधी नव्हती. त्याचा बिटमॅप बिग-एंडियन मशीनवर लाँगच्या रूपात आधीपासून वाचला जात होता, आणि तो लिटल-एंडियन केला असता, तर करार पाळणारे प्रोग्रामच बंद पडले असते. ज्यांनी नियम पाळला त्यांना शिक्षा करणे कर्नलला परवडत नाही, म्हणून इव्हडेव्हची अदलाबदल कुरूप असली तरी योग्य आहे.

उपकरणाच्या दिशेने

आतापर्यंत प्रोग्रामच्या दिशेने पाहिले. ड्रायव्हरच्या दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष उपकरण असते आणि तिथे हेच एक्सऑर पुन्हा भेटतात. पीसीआय उपकरणे बहुतांशी लिटल-एंडियन ३२-बिट वर्ड वाचतात. उपकरणाच्या रजिस्टरमध्ये लिहिताना राइट-एल हे फंक्शन बाइट उलटवून देते, पण डीएमएसाठी (उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वाचण्यासाठी) ठेवलेल्या मेमरीला कोणी हात लावत नाही. तिथे जे ठेवाल, ते उपकरण जसेच्या तसे वाचते. कर्नलचा बिटमॅप अशा मेमरीत ठेवायचा, तर ६४-बिट बिग-एंडियनवर एकूण चूक ५६ ची असते, आणि ५६ म्हणजे ३२ अधिक २४. बिटमॅप-टू-एआरआर३२ यातली ३२ ची चूक काढते आणि मग प्रत्येक वर्डवर सीपीयू-टू-एलई३२ (३२-बिट संख्या लिटल-एंडियन क्रमात आणणारे फंक्शन) लावले, की २४ ची निघते.

प्रत्यक्षात होणारी चूक अशी, की बिटमॅपच्या पत्त्याला ३२-बिट पॉइंटर करून घेतले जाते आणि प्रत्येक वर्डवर सीपीयू-टू-एलई३२ लावले जाते. लिहिणाऱ्याला वाटते की बाइट-क्रमाची काळजी घेतली. कोड वाचणाऱ्यालाही तसेच वाटते, कारण ठरलेले फंक्शन ठरलेल्या जागी आहे. २४ ची चूक गेलेली असते आणि ३२ ची तशीच राहते. स्पार्स हे कर्नलचा कोड तपासणारे साधन एलई३२ (लिटल-एंडियन ३२-बिट) प्रकाराची गल्लत पकडते, पण बिटमॅपच्या साध्या लाँगवरून साध्या ३२-बिट पॉइंटरकडे जाण्याला ते हरकत घेत नाही. चाचणीही फसवू शकते. जुन्या वायफाय राउटरमधल्या अ‍ॅथेरॉसच्या चिपवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे लिनक्स) चालते आणि तिच्यातला एमआयपीएस जातीचा प्रोसेसर बिग-एंडियन असतो, म्हणून बाइट-क्रम तपासायला पुष्कळ जण तेच स्वस्त यंत्र वापरतात. पण तो ३२-बिट आहे. तिथे अदलाबदल होण्यासारखे अर्धे भागच नाहीत, त्यामुळे वरचा कोड तिथे बिनचूक चालतो आणि एस३९०एक्स (आयबीएमचे मेनफ्रेम) किंवा ६४-बिट पॉवरपीसीवर गेल्यावरच मोडतो. अशा कोडची खात्री ६४-बिट बिग-एंडियन मशीनवरच करावी. प्रत्यक्ष यंत्र नसेल, तर क्यूएमू या दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये ते उभे करता येते.

उरलेले कंगोरे

इव्हडेव्हच्या दुरुस्तीत एक बारीक जागा आहे. बिग-एंडियनच्या फांदीत पूर्ण तुकडेच पाठवले जातात, मागितलेल्या लांबीला ४ ने भागून. हालचालीच्या बिटमॅपसाठी कोणी बाइटांचा हिशेब करून दोनच बाइट मागितले, तर एकही तुकडा पूर्ण होत नाही, काहीच पाठवले जात नाही आणि तरीही परत येणारी किंमत २ असते. प्रोग्रामच्या बफरमध्ये आधी जे होते तेच राहते. बफर आधी शून्य केलेला नसेल, तर त्यातला कचराच उपकरणाचे वर्णन म्हणून वाचला जाईल.

कर्नल ४.४ मध्ये (जानेवारी २०१६) प्रोग्रामला नको असलेल्या घटना गाळण्यासाठी मास्क देण्याची सोय आली, तेव्हा बिटमॅप पहिल्यांदाच उलट्या दिशेने, प्रोग्रामकडून कर्नलकडे येऊ लागला. त्या फंक्शनने हा धडा घेतलेला दिसतो: लांबी लाँगच्या पटीत नसेल, तर ते सरळ चूक कळवते. अदलाबदलीचे सूत्र तेच आहे, पण उलट दिशेत एक नवी अडचण आहे. प्रोग्रामने तुकडे विषम संख्येने दिले, समजा एकच, तर तो कर्नलच्या पहिल्या ६४-बिट वर्डच्या क्रमांक १ च्या अर्ध्यात जातो, कारण बिग-एंडियनमध्ये कमी किमतीचा अर्धा नंतर येतो. आणि क्रमांक ० चा अर्धा, जो पत्त्याने आधी पण किमतीने वरचा आहे, तो कोणीच भरलेला नसतो. म्हणून तुकड्यांची संख्या विषम असेल, तर शेवटच्या तुकड्याच्या अलीकडच्या जागेवर शून्य लिहिणारी एक स्वतंत्र ओळ तिथे आहे. भरलेल्या जागेच्या पुढचे नव्हे, मागचे चार बाइट ती पुसते.